एकच गोष्ट बदला: फोनवर रिमिक्स शिकायचंय तर इथून सुरू करा

महिन्यातून एका शनिवारी आम्ही सातआठ जण ठाण्यातल्या आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो आणि रिमिक्स करतो. म्हणजे जुना सिनेमा घ्यायचा आणि त्याला आपला आवाज द्यायचा, कॅलेंडरवरचं जुनं चित्र घ्यायचं आणि त्यातली एक वस्तू बदलायची, ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवायचे, असं. कॉलेजातली मुलं आहेत, रिटायर झालेले एक काका आहेत, समोरच्या ब्लॉकमधल्या काकू आहेत ज्यांनी याआधी फोनवर फक्त व्हॉट्सअ‍ॅप वापरलं होतं. नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, मला तर काहीच येत नाही मी कुठून सुरू करू? दर वेळी तोंडी सांगून सांगून शेवटी म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

सगळ्यात आधी एक नियम सांगते, आमच्या खोलीत तो फळ्यावर कायम लिहिलेला असतो: एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. आवाज बदलताय तर चित्राला हात लावू नका. चित्र बदलताय तर मांडणी तीच ठेवा. कारण बघणाऱ्याला मूळ गोष्ट ओळखता आली तरच बदललेली गोष्ट दिसते ना. नवीन माणूस काय करतो, एका क्लिपला फिल्टर लावतो, गाणं टाकतो, वर तीन स्टिकर, नाचणारी अक्षरं, आणि मग आपण काय घेतलं होतं आणि काय केलं हे त्यालाच सापडत नाही. पहिले दोन महिने आमच्याकडे हेच चाललं होतं.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही हो. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं कुठे मिळाली तर उघडून बघा, पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून आधीच्या एखाद्या गाण्याची ओळ छापलेली असते, म्हणजे चाल ती, शब्द नवे, आणि लपवाछपवी काही नाही, उलट कुठून घेतलंय ते वरतीच सांगितलंय. भजनी मंडळं सिनेमाच्या चालीवर विठ्ठलाचं भजन म्हणतात तेही हेच. चाल ठेवली, शब्द बदलले. एकच गोष्ट.

सामान काय लागेल

फोन. त्यात तीनचार जीबी जागा मोकळी. व्हिडिओसाठी इनशॉट किंवा काईनमास्टर यातलं कुठलंही एक, दोन्ही नको, एकच नीट शिका. लॅपटॉप असेल तर आवाजाच्या कामासाठी ऑडॅसिटी टाकून घ्या, फुकट आहे आणि जाहिराती येत नाहीत. पोस्टरसाठी कॅनव्हा. वायरवाले इअरफोन असतील तर उत्तम, ब्लूटूथवाल्यांत आवाज किंचित उशिरा पोचतो आणि मग ओठ आणि शब्द जुळवताना डोकं फिरतं.

एक कळकळीची सूचना. प्रत्येक व्यायामाला वेगळा फोल्डर करा आणि दर अर्ध्या तासाने व्हिडिओ एक्स्पोर्ट करा, म्हणजे अ‍ॅपमधून बाहेर वेगळी फाइल म्हणून सेव्ह करा, अर्धवट असला तरी. माझं एकदा एका फुकटच्या अ‍ॅपमध्ये दोन संध्याकाळचं काम होतं, फोनची जागा भरली म्हणून मी कॅशे, म्हणजे अ‍ॅपने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, साफ केला आणि प्रोजेक्टच गेला. क्लिप होत्या, आवाज होते, पण कुठे काय कापलं होतं ती सगळी मेहनत गेली. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. तुमच्याबाबतीत असं होऊ नये म्हणून सांगतेय.

पहिला व्यायाम: आवाज बदला

इथूनच सुरू करा, कारण यात यश लगेच मिळतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, मूकपट, म्हणजे आवाजाची जागा रिकामीच आहे, शिवाय कॉपीराइट कधीच संपलाय. जेवढा भाग उरलाय तो इंटरनेटवर सहज सापडतो. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, राजा आपल्या मुलाला, रोहिदासाला, धनुष्यबाण चालवायला शिकवतोय आणि राणी तारामती बाजूला बघत उभी. आम्ही सगळ्या नवीन लोकांना हाच प्रसंग देतो.

एक. तीस सेकंदांचा तुकडा कापा. जास्त नको, तीस सेकंद म्हणजे खूप असतात हे करायला लागल्यावर कळेल.

दोन. वेग तपासा. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ फ्रेम, म्हणजे १६ चित्रं, आणि आपण बघतो २४ च्या हिशोबाने, म्हणून माणसं तुरुतुरु चालताना दिसतात. तुमच्या कॉपीत तसं दिसत असेल तर स्पीड ०.६५ ते ०.७ च्या आसपास आणा, माणसं लगेच माणसांसारखी चालायला लागतात आणि तुम्हाला बोलायलाही जागा मिळते.

तीन. क्लिप आवाज बंद ठेवून पाच वेळा बघा आणि कागदावर लिहा, कोण कोणाकडे बघतंय, कोण हात वर करतंय, कोणत्या सेकंदाला. हे टाळू नका! आमच्याकडे जे हे टाळतात त्यांचं काम अडतं.

चार. आता ठरवा की हे तिघं दुसरंच काहीतरी करतायत. ठाण्यातलं, आपल्या रोजच्यातलं. आमच्या गटाने काय केलं तर बाप मुलाला पहिल्यांदा सकाळच्या गर्दीत लोकल पकडायला शिकवतोय असं केलं. राजा म्हणतो, "आधी उतरणाऱ्यांना उतरू दे." मुलगा विचारतो, "आणि मग मी कधी चढू?" आणि बाजूला उभी असलेली तारामती शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणते, "बॅग पुढे घे रे, पुढे." बस एवढंच. धनुष्याची दोरी ताणल्यावर पाठी प्लॅटफॉर्मची अनाउन्समेंट, बाण सुटतो तेव्हा गाडीचा हॉर्न.

तारामतीचा आवाज काकूंनी दिला. त्यांना आधी मी सांगितलं होतं की या सिनेमात काम करायला तेव्हा कोणी बाई तयार होईना म्हणून तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, हॉटेलात काम करायचे ते. काकूंनी ते मनात ठेवलं असणार. रेकॉर्डिंग झाल्यावर फोन खाली ठेवत म्हणाल्या, "एवढ्या वर्षांनी तारामतीला बाईचा आवाज मिळाला बघ." खोलीत कोणी काही बोललंच नाही थोडा वेळ. मला तरी त्या दिवशी कळलं की आपण करतोय त्यात नुसती गंमत नाही, त्या जुन्या माणसांशी आपलं काहीतरी बोलणं चाललंय.

ओठ जुळवायची एक युक्ती. अख्खं वाक्य जुळवायच्या नादी लागू नका, तोंड कधी उघडलं आणि कधी मिटलं एवढं पकडा, आणि ओठ मिटतात तिथे प, फ, ब, भ, म यातलं एखादं अक्षर येईल असा शब्द निवडा. "बॅग पुढे" हे दोन शब्द आम्ही त्यासाठीच घेतले. बघणाऱ्याला वाटतं सगळंच जुळलंय.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद, फ्रिजपासून लांब, आणि शक्य असेल तर कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून बोला किंवा डोक्यावर गोधडी घ्या, आवाज घुमत नाही. स्टेशनवर जाऊन आवाज गोळा करायचे असतील तर दुपारी जा, फोन शर्टाच्या खिशात ठेवा आणि दोन मिनिटं न बोलता उभे राहा. प्रत्येक फाइलला नाव द्या, 'ठाणे पूल पावलं', 'चहा टपरी स्टोव्ह', 'वाशी खाडी पूल गाडी'. खाडीच्या पुलावर गाडीचा आवाज कसा अचानक पोकळ होतो ते एकदा कानांनी मुद्दाम ऐका, मग तो आवाज कुठे वापरायचा ते तुम्हाला आपोआप सुचेल.

दुसरा: शेजार बदला

याला साहित्य कमी लागतं पण माझा हा सगळ्यात आवडता आहे. फाळक्यांचाच 'कालिया मर्दन', १९१९ चा, त्यात कृष्णाचं काम त्यांच्या लहान मुलीने, मंदाकिनीने, केलंय. सिनेमाच्या सुरुवातीला तिच्या चेहऱ्याचे क्लोजअप आहेत, एकापाठोपाठ एक भाव ती करून दाखवते. तर त्यातला तुम्हाला सगळ्यात कमी भाव असलेला वाटेल तो तीन सेकंदांचा तुकडा घ्या. हसरा नको, रडका नको.

आता त्याच्या पुढे फोनवर काढलेला आपला एक शॉट जोडा आणि मग परत तोच चेहरा. असं तीन वेळा, चेहरा तोच, मधला शॉट वेगळा. आमच्या भाच्याने हे तीन घेतले होते: मामलेदारची मिसळ, तर्रीचा रंग दिसेल एवढ्या जवळून, सुटून चाललेली टीएमटीची, म्हणजे ठाणे पालिकेची, बस, मागून, आणि आजोबांची रिकामी खुर्ची, जिच्यावर अजून त्यांचा टॉवेल टाकलेला आहे. मी शप्पथ घेऊन सांगते, पहिल्या वेळी त्या मुलीला भूक लागलेली दिसते, दुसऱ्या वेळी ती हिरमुसलेली दिसते, आणि तिसऱ्या वेळी तिच्याकडे बघवत नाही. चेहऱ्याचा एक केसही बदललेला नाही!

रशियातल्या लेव्ह कुलेशॉव्ह यांनी साधारण १०० वर्षांपूर्वी हेच करून दाखवलं होतं, एका नटाचा चेहरा आणि त्याच्या शेजारी सूपची वाटी, शवपेटी वगैरे, आणि सिनेमा शिकवणारे अजून त्याचं नाव घेतात. पण वाचून ते डोक्यात जात नाही, स्वतः जोडून बघितलं की जातं. मधला शॉट हलवू नका, फोन भिंतीला किंवा पाण्याच्या बाटलीला टेकवून चार सेकंद स्थिर. गाणं टाकू नका, गाणं टाकलं की गाणंच सांगतं काय वाटून घ्यायचं ते, आणि व्यायाम फुकट जातो.

तिसरा: चित्रातली एक वस्तू बदला

राजा रविवर्म्यांची चित्रं घ्या. ते १९०६ ला गेले त्यामुळे हक्काचा प्रश्न नाही, विकिमीडिया कॉमन्स या फुकट चित्रांच्या वेबसाइटवर मोठ्या साइजमध्ये मिळतात. आणि ही चित्रं मुळात आपल्या घराघरात पोचली ती छापील कॉप्यांमधून, त्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि सिनेमाकडे वळायच्या आधी फाळके त्याच छापखान्यात कामाला होते. म्हणजे आपण ज्या दोघांच्या वस्तू घेऊन खेळतोय ते एकमेकांशी असे जोडलेले आहेत, मला हे कळलं तेव्हा खूप भारी वाटलं होतं.

'हंस दमयंती' हे चित्र आठवतंय ना, दमयंती उभी आहे आणि कठड्यावरचा हंस तिला नळाचा निरोप सांगतोय. त्यातला फक्त हंस काढा आणि फ्लेमिंगो ठेवा. ठाण्याच्या खाडीतला. खाडीचा तो पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला, हिवाळा सुरू झाला की ऐरोली, नेरूळकडे गुलाबी थवे दिसायला लागतात. तर दमयंती तशीच, साडी तशीच, निरोप्या फक्त आपल्याकडचा. आणि मग विचार करा, हा पक्षी निरोप काय आणेल? खाडीचा, भरावाचा, ओहोटीच्या चिखलाचा? एक वाक्य खाली लिहा, एकच.

फोनने फ्लेमिंगोचा फोटो काढला तर ठिपका येतो, तेव्हा कॉमन्सवरचा घ्या किंवा हाताने काढा. पार्श्वभूमी कापायला आता बऱ्याच फोनच्या गॅलरीतच सोय असते, बोट दाबून धरलं की पक्षी उचलला जातो. नसेल तर काकूंची पद्धत: आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून दोन रंगीत प्रिंट काढल्या, नखं कापायच्या छोट्या कात्रीने पक्षी कापला, पिसांच्या कडेने अगदी हळू कात्री थांबवून कागद फिरवत, मग पिठाच्या खळीने चिकटवला आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढला. कडेला कागदाची बारीक सावली पडली होती आणि तीच इतकी सुंदर दिसत होती की कॉम्प्युटरवर केलेल्या सगळ्यांपेक्षा ते चित्र उजवं ठरलं.

मोजपट्टी एकच, सावली जुळवा. मूळ चित्रात उजेड ज्या बाजूने येतोय त्याच बाजूने तुमच्या वस्तूवर आला पाहिजे. नाहीतर फोटो फ्लिप करा, म्हणजे आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवा.

अक्षरांबद्दल इथेच सांगते. मराठी लिहायला मुक्त आणि बलू हे दोन फॉन्ट चांगले, दोन्ही फुकट आणि बिनधास्त वापरता येतात. पण काही व्हिडिओ अ‍ॅपमध्ये देवनागरी फुटते, जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. तेव्हा अक्षरं व्हिडिओवर टाकूच नका, कॅनव्हात काळ्या पार्श्वभूमीवर वेगळी पाटी करा, फोटो म्हणून सेव्ह करा आणि दोन शॉटच्या मध्ये तीन सेकंद लावा. मूकपटात संवाद असेच पाट्यांवर यायचे त्यामुळे ते शोभूनही दिसतं. आणि प्लीज, पाटी सेव्ह करायच्या आधी शुद्धलेखन दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, 'आणि' चा णि पहिला आहे.

चौथा: चाल तीच, शब्द आपले

सिनेमाची गाणी घेऊ नका सुरुवातीला, चाल कोणाची, शब्द कोणाचे, रेकॉर्डिंग कोणाचं असे तीन वेगळे हक्क असतात. त्यापेक्षा जात्यावरची ओवी घ्या, ती सगळ्यांची आहे. घरातल्या मोठ्या बाईला एक ओवी म्हणायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग तिच्या लयीत आपल्या दिवसाचे शब्द बसवा. आमच्या एका मैत्रिणीने तिच्या आईवर केलेली, तिची आई २० वर्षं ठाण्याहून भायखळ्याला जात होती (ओवीतलं दिवा हे त्याच लाइनवरचं स्टेशन, आणि चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर सरकून चौथ्याला दिलेली जागा):

पहिली माझी ओवी ग
पहाटेच्या गजराला
सहा बाराची लोकल
नाही थांबत कुणाला

दुसरी माझी ओवी ग
दिव्याच्या त्या ताईला
चौथ्या सीटचा कोपरा
तिनं दिला आईला

पाठीमागे जात्याच्या घरघरीऐवजी मिक्सर लावून बघितला, नाही जमलं, मिक्सर फार ओरडतो. मग गाडीच्या चाकांचा ठेका लावला आणि एकदम बसला. पण लय बिघडते कुठे ते ऐका: एखादी ओळ लांबली की आपण ती घाईत उरकतो. शब्द कमी करा, घाई करू नका. ऑडॅसिटीत दोन ट्रॅक एकाखाली एक टाकायचे, वरचा आवाज पूर्ण, खालचा ठेका एवढा हळू की जेमतेम ऐकू येईल.

पाचवा, छोटासा

व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तसला गुड मॉर्निंगचा फोटो. गुलाब, सूर्य, सुविचार, सगळी मांडणी तीच ठेवा, फक्त सुविचाराच्या जागी आज सकाळी तुमच्या खिडकीतून खरंच जे दिसलं ते एक वाक्य लिहा. दहा मिनिटांचं काम. सात दिवस रोज करा आणि घरच्या ग्रुपवर पाठवा.

काय घेऊ नये

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमा आणि रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, आणि लेखक, कवी, चित्रकार यांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणून मी नवीन लोकांना सांगते की बोलपटांच्या वाटेला जाऊच नका, मूकपट घ्या, कारण बोलपट ६० वर्षांहून जुना असला तरी त्यातल्या गाण्याचा कवी अजून त्या हिशोबात असू शकतो. नव्या सिनेमाची क्लिप घरी शिकायला घेणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं, तिथे मशीनच ओळखतं आणि दावा येतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे करणाऱ्याने ठरावीक अटींवर वापरायला दिलेलं, साहित्य घेतलं तर लायसन्सची ओळ वाचा, सीसी झिरो असेल तर मोकळं, सीसी बाय असेल तर नाव द्यायचं, आणि त्यात एनडी लिहिलेलं असेल तर बदल करून पुढे द्यायला परवानगी नाही, म्हणजे आपल्या कामाचं नाही.

जिवंत माणसाचा आवाज एआयने बनवून त्याच्या तोंडी वाक्य घालणं हे आम्ही करत नाही. २०२४ ला मुंबई हायकोर्टाने गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने त्याबद्दल आदेशही दिलाय, पण कोर्ट राहू दे बाजूला, ज्याचा आवाज आहे त्याने तो आयुष्यभर घासून कमावलेला असतो. आणि देवादिकांची चित्रं घेताना घरातल्या आजीसमोर हे लावू शकू का एवढं मनात विचारा. दमयंतीच्या बाबतीत आमच्याकडच्या सगळ्या आज्या खूश होत्या.

झालं की दाखवा

एकट्याने फोनवर बघू नका. सोसायटीच्या टीव्हीला किंवा कोणाच्या तरी घरच्या टीव्हीला जोडा, चारपाच जणांना बोलवा, चहा ठेवा. आधी मूळ क्लिप दाखवा, मग तुमची. दाखवताना काहीही समजावून सांगू नका, लोक कुठे हसतात, कुठे गप्प होतात आणि कुठे फोन काढतात ते कागदावर सेकंदासकट लिहा. दुसऱ्या दिवशी फक्त ती जागा दुरुस्त करा जिथे फोन निघाले.

शेवटची पाटी विसरू नका, त्या जुन्या नाटकांच्या पुस्तकांसारखी, कुठून घेतलं ते उघड सांगणारी. आमच्या लोकलवाल्या क्लिपवर अशी आहे, तुम्ही हीच ठेवून नावं बदला: 'चित्र: राजा हरिश्चंद्र, दादासाहेब फाळके, १९१३. आवाज: ठाणे स्टेशन, प्लॅटफॉर्म ५. तारामती: समोरच्या काकू.'